‘रा’ म्हणजे काय : नगर परिषदेच्या जुन्या दप्तराच्या कामाच्या नोंदी

१० जून २०२४

आचारसंहिता उठली आणि आज किल्ली हातात आली. जुन्या इमारतीत जिन्याच्या मागे दोन खोल्या आहेत, त्यांना इथे सगळे नुसतं ‘रेकॉर्ड’ म्हणतात. पुढच्या खोलीत लोखंडी कपाटं, मागच्या खोलीत लाकडी मांडण्या. मांडण्यांवर मावले नाहीत ते बस्ते, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, खाली फरशीवर. लाल कापड बऱ्याच ठिकाणी विटून गुलाबी झालंय.

आमचं शहर मनमाडहून सिकंदराबादला जाणाऱ्या लोहमार्गावरचं. विसाव्या शतकाच्या तोंडावर रेल्वे आली आणि मोंढा वाढला. १९४८ पर्यंत निजामाचा अंमल, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई राज्य, १९६० पासून महाराष्ट्र. एकाच मांडणीवर हे सगळे कारभार मांडीला मांडी लावून बसलेत. ‘बलदिया’ची, म्हणजे निजामाच्या काळातल्या नगरपालिकेची उर्दू मिसल (फाइल), तिच्याखाली मोडीतला हिशेब, त्याखाली इंग्रजी टंकलेखन, मग देवनागरीतलं ठराव बुक.

गेल्या वर्षाअखेर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मराठवाड्यातली दप्तरं पहिल्यांदाच इतक्या मोठ्या प्रमाणावर उघडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना लोक शोधत आले, ते फार चांगलं झालं. पण इथे घाई झाली. बस्ते सोडले, हवा तो कागद काढला, आणि उरलेले कागद जागा दिसेल तिथे बांधून ठेवले. कुणा कारकुनाने ऐंशी वर्षांपूर्वी चार कागद एकत्र बांधले असतील तर त्याला काही कारण होतं. ती गाठ सुटली की कागद राहतो, पण तो कशाबद्दल होता ते कळायची वाट बंद होते.

काम असं: प्रत्येक बस्त्याची यादी, वर्णन, नाजूक कागदांची छायाचित्रं. आणि एक जोखमीचं काम आधीच टेबलावर येऊन पडलंय. नष्ट करायच्या कागदांची यादी तयार आहे, तिच्यावर ३० सप्टेंबरपर्यंत अभिप्राय द्यायचा. सरकारी दप्तराचे वर्ग ठरलेले आहेत. ‘अ’ कायमचं, ‘ब’ ३० वर्षं, ‘क’ १० वर्षं, ‘क-१’ ५ वर्षं आणि ‘ड’ फक्त १ वर्ष. यादीतले जवळपास सगळे कागद ‘ड’ आहेत, म्हणजे नियमाने केव्हाच जायला हवे होते. कुणी नेले नाहीत म्हणून राहिले.

१४ जून

आमची टोळी जमली. मोडी वाचायला सर आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. उर्दू वाचायला चाचा, उर्दू शाळेचे जुने हेडमास्तर. दप्तराचे शिपाई मामा, ज्यांना कोणता बस्ता कुठे हे अंधारातही कळतं. आणि मी.

पहिले चार दिवस फक्त धूळ आणि टाचण्या. गंजलेली टाचणी ओढून काढायची नाही, कागद फाटतो. ती आधी सैल करायची, मग सरळ काढायची. चिकटपट्टी कुठेही लावायची नाही. पूर्वी कुणीतरी प्रेमाने लावलेल्या पट्ट्यांखालचा कागद आता तपकिरी होऊन चुरतोय. फाटलेल्याला पातळ टिश्यू आणि गव्हाची खळ, बस.

एक गोष्ट सगळ्यांनाच चकित करते. सगळ्यात जुने कागद सगळ्यात धडधाकट आहेत. हातकागद, त्यावर बोरूने काजळाच्या शाईत लिहिलेलं, जणू काल लिहिलंय. आणि १९६०-७० मधला गिरणीचा स्वस्त कागद हात लावताच कडेने तुटतो, कारण त्या कागदातच आम्ल असतं. चाचा हातकागद उजेडात धरून म्हणाले, “बेटा, हा आपल्या कागजीपुऱ्याचाच.” दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं हातकागद बनत आलाय, त्यामुळे तसं असूही शकतं. पण कागदावर तशी खूण नाही, म्हणून यादीत मी फक्त ‘हातकागद’ लिहिलं.

२१ जून

कपाटाच्या तळाला बिस्किटांचा पत्र्याचा डबा. उघडला तर सायकलचे बिल्ले! नगरपालिका सायकलीवर कर घ्यायची, त्याची पावती म्हणजे हा पत्र्याचा तुकडा. दर वर्षी आकार वेगळा: एक साल गोल, एक पानाच्या आकाराचं, एक षटकोनी. नाक्यावरच्या माणसाला लांबूनच कळावं, की यंदाचा कर भरलाय की गेल्या सालच्या बिल्ल्यावर चाललंय.

मामा एक बिल्ला तळहातावर घेऊन कितीतरी वेळ उभे होते. “माझ्या बापाच्या सायकलीला असलाच होता ओ ताई. मी दगडानं ठोकून त्याचा भोवरा केलता, लई मार खाल्ला.”

नष्ट करायच्या यादीत हे बिल्ले ‘भंगार, १ डबा’ असे आहेत.

३ जुलै

मृत्यूच्या नोंदवहीवर दोन दिवस अडकले आहे. उर्दूतली, निजामाच्या कारभारात चालणारं फसली सन १३२८. आधीच्या महिन्यांत पानाला आठ-दहा नावं, सावकाश, वळणदार अक्षरात. मग आजूर महिन्यात अक्षर एकदम धावायला लागतं. रकाने सोडून दिलेत. कारणाच्या रकान्यात ‘बुखार’, खाली तेच, खाली तेच, पुढे तर नुसती उभी रेघ. त्या एकाच महिन्यात तीन वेळा हस्ताक्षर बदललंय.

मी फसली सनात ५९१ मिळवून इसवी सन काढत आले. म्हणजे १९१९. पण १९१९ च्या ऑक्टोबरात असं काय झालं होतं? काहीच जुळेना.

५ जुलै

चाचांना विचारलं. त्यांनी वही बंद केली आणि मला महिने पाठ म्हणायला लावले: आजूर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. मग विचारलं, “साल सुरू कधी होतं?”

हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, १ आजूरला सुरू व्हायचं. म्हणजे आजूर, दय आणि बहमनचे बहुतेक दिवस यांना ५९० मिळवायचे, पुढच्या महिन्यांना ५९१. माझा हिशेब नऊ महिन्यांना बरोबर होता आणि तीन महिन्यांना एक वर्ष पुढे ढकलत होता.

आजूर १३२८ म्हणजे ऑक्टोबर १९१८.

त्यानंतर आम्ही दोघंही काही वेळ बोललो नाही. १९१८ चा तो ताप, ज्याला पुढे जगाने इन्फ्लुएन्झाची साथ म्हटलं. जूनमध्ये मुंबई बंदरातून आला, सप्टेंबर ते नोव्हेंबरात दुसरी लाट आली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. तीन हस्ताक्षरं का, ते मला आता वेगळं वाटायला लागलं. लिहिणारे बदलले ते बदलीने बदलले असतील असं मी गृहीत धरलं होतं.

आजपर्यंत केलेल्या यादीतल्या आजूर, दय आणि बहमनच्या सगळ्या तारखा पुन्हा तपासायच्या. दोन आठवडे जातील. जाऊ देत. चुकीच्या सालाखाली गेलेला कागद हरवल्यासारखाच.

१२ जुलै

तारखा तपासताना मध्येच कंदिलांचा हिशेब निघाला. गल्लीतल्या दिव्यांना किती तेल लागलं, कुणी घातलं. रकमा मला आकड्यांसारख्या दिसेनात, नुसते फराटे. चाचा हसले. हे सियाक. आकडे नाहीतच हे, अरबी संख्याशब्द आखडून आखडून त्यांची चिन्हं झालीत. जुने मुन्शी असंच लिहीत, कारण आकड्यासमोर एक शून्य वाढवणं सोपं, पण सियाकात फेरफार करणं अवघड.

शेवटी बेरीज ‘हाली’ रुपयांत, आणि रेल्वेने आलेल्या तेलाची किंमत ‘कलदार’मध्ये. निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार, साधारण ७ हालींना ६ कलदार. गावातल्या दिव्याचा हिशेब ठेवणाऱ्याला दोन नाण्यांचा भाव रोज डोक्यात ठेवावा लागत होता.

२४ जुलै

सरांनी आज मोडीतला एक लांब कागद उलगडला. गावातल्या विहिरींचं पत्रक. तेवीस आड-विहिरी आणि एक बारव. खोली परसात दिली आहे: ‘५ परस’, ‘७ परस’. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला पुरुष. आमच्याकडे अजूनही शेतकरी विहीर परसातच सांगतो. पाव, अर्धा, पाऊण यांसाठी एक, दोन, तीन उभ्या रेघा. पुढे ‘गोडे’ किंवा ‘मचूळ’. शेवटच्या रकान्यात ‘पाणी कोण भरतात’.

त्या रकान्यापाशी सर वाचताना थांबले, पण मी म्हटलं, पुढे वाचा. प्रत्येक विहिरीपुढे जातींची नावं आहेत. वेशीबाहेरचा एक आड आहे. सगळ्यात उथळ, पाणी मचूळ, आणि त्यावर कोण भरतात ते लिहिलंय. कुणी कुठलं पाणी प्यायचं हे नगरपालिकेच्या कागदावर इतक्या सरळपणे, जसं काही खोलीचं माप लिहावं तसं लिहिलेलं आहे. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यात हौदावर हातपाय धुतले म्हणून बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सोबत्यांना लोकांनी घेरलं होतं. ती गोष्ट आपण ऐकलेली असते. तिच्यामागची रोजची व्यवस्था कशी चालायची, ते या एका रकान्यात आहे. हा कागद मी ‘अ’ वर्गात मागणार आहे, आणि वर्णनात शेवटचा रकाना गाळणार नाही.

६ ऑगस्ट

कोंडवाड्याचं रजिस्टर, १९७१ ते १९७३. हे मी आठवडाभर सोडू शकले नाही.

मोकाट जनावर सापडलं की कोंडवाड्यात. धनी आला की दंड आणि खुराकी, म्हणजे चाऱ्याचा खर्च, भरून सोडवून न्यायचं. आता जनावर कुणाचं हे ओळखायचं कसं, तर वर्णनावरून. कोंडवाड्याच्या रखवालदाराने लिहिलेली वर्णनं अशी:

‘गाय तांबडी, कपाळी चांदणी, उजवं शिंग खाली वळलेलं.’

‘गोऱ्हा वानेरा, शेपूट गोंड्याला पांढरी, दावं सणाचं तुटकं.’

‘म्हैस, कान चिरलेला, पान्हावलेली. वासरू सोबत नाही.’

वानेरा, बालंक्या, शेवरा ही देवणी जातीच्या गुरांच्या रंगांची नावं आहेत. अंग पांढरं आणि तोंड काळं तो वानेरा, अंगावर काळे ठिपके तो शेवरा. रखवालदार किती शिकला होता माहीत नाही, अक्षर ओबडधोबड आहे, पण जनावराकडे पाहायची त्याची नजर बघा. ‘पान्हावलेली. वासरू सोबत नाही.’ तिचं वासरू कुठेतरी हंबरत असणार हे त्याला लिहावंसं वाटलं. रकाना तसा नव्हता, त्याने शेऱ्यात लिहिलं.

१९७१ मध्ये शेवटच्या रकान्यात बहुतेक ‘धनी नेली’, ‘धनी नेला’. १९७२ च्या दिवाळीनंतर हळूहळू दुसरा शेरा वाढत जातो: ‘धनी आला नाही’. मग लिलाव. मग ‘लिलावास बोली नाही’. आणि जानेवारी १९७३ पासून वर्णनं आखूड होत जातात. ‘गाय, तांबडी, हाडं.’ एका ठिकाणी नुसतं ‘बैल जोडी’.

जोडी कधी मोकाट सापडत नाही. कुणीतरी ती रात्री आणून कोंडवाड्याच्या दाराशी सोडली. इथे निदान खुराकी तरी मिळेल, एवढ्यासाठी. बहात्तरच्या दुष्काळात लाल मिलो खाल्ल्याच्या, खडी फोडल्याच्या, सुकडी वाटल्याच्या गोष्टी घरोघरी सांगतात. बैलजोडी सोडून आल्याची गोष्ट कुणी सांगत नाही.

हे रजिस्टर ‘ड’ आहे. नष्ट करायच्या यादीत क्रमांक ६१.

२ सप्टेंबर

काल दुपारपासून पाऊस कोसळतोय. परभणी, हिंगोली, नांदेडकडून पुराच्या बातम्या येतायत. मागच्या खोलीचं छत गळायला लागलं. मामांनी आणि मी मिळून खालचे सगळे बस्ते टेबलांवर घेतले. अकरा भिजले. भिजलेला कागद उन्हात टाकायचा नसतो. पानांमध्ये कोरा टीपकागद घालायचा, पंखा लांबून सोडायचा आणि टीपकागद बदलत राहायचं. निळी शाई पसरते.

आज पोळा. पावसामुळे बैल वेशीपर्यंत आलेच नाहीत, लोकांनी गोठ्यातच पूजा केली. संध्याकाळी मामांच्या घरी पुरणपोळी खाल्ली.

१० सप्टेंबर

भिजलेल्या अकरातल्या एका बस्त्यात, इतर पावती पुस्तकांच्या मधोमध, एक अरुंद लांब वही होती. पुठ्ठ्यावर ‘सार्वजनिक आड-विहिरी पाणीपातळी, १९७२-७३’. यादीत हिचा उल्लेख असा: ‘पाणीपुरवठा, नोंदी अपूर्ण, ड.’ मीही जूनमध्ये वरवर पाहून आमच्या यादीत तेच लिहिलं होतं: अपूर्ण.

डावीकडे विहिरींची नावं, वर आठवडे. नोव्हेंबर ते जून. घरांमध्ये आकडे, ‘हात’ या मापात. आणि काही आकड्यांपुढे बारीक अक्षर: ‘रा’.

सरांचा मोडी कागद काढून शेजारी ठेवला. तेवीसपैकी सतरा विहिरी दोन्हीकडे आहेत. नावं थोडी बदलली आहेत, जागा त्याच. ज्या विहिरी जुन्या पत्रकात खोल आणि गोड्या, त्या बहात्तरलाही शेवटपर्यंत टिकल्यात. मराठवाड्याच्या काळ्या खडकात पाणी सगळीकडे सारखं नसतं. वर मुरूम, खाली भेगाळलेला थर, मग घट्ट पाषाण. ज्या आडाला भेग लागली तो जगला. जिथे नाही लागली तिथे परसभर खोदा की दहा परस, सारखंच. हे पूर्वीच्या माणसांनी खोदून शिकून घेतलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. जायकवाडीचं पाणी १९७६ नंतरचं. बहात्तरला गावाकडे हे आडच होते.

पण ‘रा’ म्हणजे काय? सर म्हणाले, राखीव असेल, दवाखान्यासाठी किंवा जनावरांसाठी राखून ठेवलेलं पाणी. पटण्यासारखं होतं. पण मग ‘रा’ आठवड्याआड येतो जातो कसा? आणि फेब्रुवारीनंतर मोठ्या चार विहिरींपुढे घरंच कोरी. तिथे आकडा नाही, ‘रा’ नाही, काहीच नाही. तीन आठवडे, मग एक आकडा, मग पुन्हा कोरं. सगळ्यात महत्त्वाच्या विहिरी, आणि त्यांच्याच नोंदी नाहीत. कारकुनाने कंटाळा केला, असंच कुणालाही वाटेल. यादी करणाऱ्यालाही तसंच वाटलं.

१८ सप्टेंबर

काल मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. मामांनी त्या सुट्टीत माझं एक काम केलं. वहीच्या शेवटच्या पानावर मोजणाऱ्याची आद्याक्षरं आहेत. ती त्यांनी जुन्या माणसांना विचारत फिरवली. आज येऊन सांगितलं, “ताई, ते बाबा हायेत अजून. पाणीपुरवठ्याचे मुकादम होते. तवा विशीत होते, नवेच लागलेले.”

२५ सप्टेंबर

आज वही घेऊन गेलो. मूळ वही न्यायची नसते, म्हणून छापील छायाचित्रं नेली. बाबा ओसरीवर बसलेले. चष्मा काढून कागद अगदी नाकाजवळ धरला आणि पहिल्यांदा काय म्हणाले, तर “हे आठ नाही, सहा आहे. शाई फुटली.”

मोजायचे कसे ते त्यांनी करून दाखवलं. सुंभाचा दोर, दर हाताला गाठ, टोकाला दगड. खालच्या गाठींवर खडूची पूड चोळायची. दगड तळाला लागला की दोर ताणून धरायचा आणि मग वर ओढायचा. जिथवर पूड धुतली गेली तिथवर पाणी. गाठी मोजायच्या. मी टिपून घेत होते तरी त्यांनी माझा हात धरून हवेत दोर ओढायला लावला.

मग मी ‘रा’वर बोट ठेवलं.

“रा म्हंजे रात्र.”

दिवसा मोजून उपयोग नसायचा, ते म्हणाले. पन्नास पोहरे एकदम आत. पाणी हलतं, खाली जातं, झरा भरून काढतो, पुन्हा खाली. आकडा खरा येत नाही. म्हणून रात्री दोन-तीनच्या सुमाराला, शेंदणारी माणसं घरी गेली की जायचं. “पाणी जरा निजलं की मोजायचं. मग कळतं आत खरं किती हाये.” अशा आकड्यापुढे ‘रा’ लिहायचं, साहेबांनी तसं सांगितलं होतं. दिवसा मोजलं तर नुसता आकडा.

मग मी कोऱ्या घरांबद्दल विचारलं. कंटाळा हा शब्द मी उच्चारला नाही, पण त्यांना तो ऐकू आला असावा. ते थोडे ताठ झाले.

“मी गेल्तो की. दर आठवड्याला गेल्तो.”

फेब्रुवारीपासून मोठ्या आडांवर रात्रीही माणसं हटेनात. कंदील लावून रांगा. बाया घागरीला घागर लावून कठड्यालाच पाठ टेकून झोपायच्या, नंबर आला की उठायच्या. दोर सोडायला जागा मागितली तर कुणी ओरडायचं नाही, सरकून जागा द्यायच्या. पण पाणी थांबतच नव्हतं. झरा देईल तेवढं लगेच वर. “पाणी निजलंच नाही तर मोजू काय? खोटा आकडा लिहायचा का? म्हणून रिकामं सोडलं.” मधेच एखाद्या आठवड्यात सुकडी वाटपाचा किंवा कामावरच्या पगाराचा दिवस आला की रात्री गर्दी कमी व्हायची, तेव्हा माप मिळायचं. ते मधले एकेकटे आकडे तेच.

निघताना त्यांनी विचारलं, ती वही अजून आहे का खरंच. म्हटलं, आहे. म्हणाले, “मग तेवढं सहाचं नीट करा.”

२६ सप्टेंबर

सकाळीच बसून वर्णन बदललं. आधीचं ‘अपूर्ण’ खोडलं. आता असं आहे:

‘सतरा सार्वजनिक आड-विहिरींची साप्ताहिक पाणीपातळी, नोव्हेंबर १९७२ ते जून १९७३. मापं हातात. ‘रा’ म्हणजे रात्रीचं, उपसा थांबल्यानंतरचं माप. कोरं घर म्हणजे त्या आठवड्यात त्या विहिरीवर रात्रंदिवस उपसा चालू होता, माप घेणं शक्य नव्हतं. माहिती मोजणी करणाऱ्या मुकादमांकडून, समक्ष. पान ९, ओळ ४ मधला आकडा ८ नसून ६. मोडीतलं विहिरींचं पत्रक आणि कोंडवाडा रजिस्टर १९७१-७३ यांच्यासोबत वाचावे.’

मग त्या कोऱ्या घरांचा तक्ता काढला. नुसती कोरी घरं शाईने भरत गेले तर सगळ्यात काळी पट्टी मार्चच्या शेवटापासून मेपर्यंत चार आडांवर येते, आणि कोंडवाड्यात ‘लिलावास बोली नाही’ हा शेराही त्याच आठवड्यांत दाटतो. दोन वेगळ्या खात्यांच्या दोन वेगळ्या वह्या. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलंही नसेल.

मोडी पत्रकातला वेशीबाहेरचा तो उथळ आड या वहीत नाहीये. तेवीसमधल्या न जुळलेल्या सहांपैकी तो एक. बाबांना विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार.

३० सप्टेंबर

अभिप्राय दिला. यादीतल्या क्रमांक ६१, पाणीपातळी वही, कंदील-तेलाचा हिशेब आणि बिल्ल्यांचा डबा यांना ‘अ’ वर्गात घ्यावं, कारणं सोबत जोडली. २००५ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याचा आधार दिला. यादीत नसलेल्या मोडी पत्रकासाठी वेगळी टिपणी. मुख्याधिकाऱ्यांनी तक्ता बराच वेळ पाहिला आणि चार आडांच्या आजच्या जागा विचारल्या. दोन बुजलेत, एकावर दुकानांची रांग आहे, चौथ्यावर सिमेंटचा स्लॅब टाकून वर पाण्याची टाकी ठेवली आहे. त्यांनी पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना बोलावून वहीची एक प्रत त्यांच्याकडे द्यायला सांगितलं. नष्ट करायची यादी दुरुस्तीसाठी परत आली आहे.

पावती पुस्तकं जाऊ द्यायला मी हरकत घेतली नाही. त्यांची बेरीज किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, आहे.

भिजलेल्या अकरापैकी नऊ बस्ते वाळले. दोन अजून दमट आहेत, टीपकागद उद्या बदलायचा. मामांनी नवं लाल कापड आणलंय. दोर मात्र जुनाच वापरू म्हणतात, नव्या नायलॉनच्या दोराला गाठ बसत नाही.